अकरा महिन्यांचा पत्ता

इंदूरच्या नंदलालपुऱ्यात भाजी घ्यायला जाणाऱ्याला किन्नरांचा डेरा कुठे आहे हे विचारावं लागत नाही. राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, जुन्या बाजाराच्या गर्दीत असलेली ती जागा शहरात बहुतेकांना ठाऊक आहे. त्याच शहरात समलिंगी पुरुष कुठे राहतात, एकमेकींवर प्रेम करणाऱ्या बायका कुठे राहतात, असं विचारलं तर कुणालाही एखादी गल्ली किंवा चौक दाखवता येणार नाही. २०११च्या जनगणनेतच वीस लाखांच्या घरात गेलेल्या शहरात ही माणसं नसतील हे शक्य नाही. ती शहरभर आहेत, पण त्यांच्या नावाची वस्ती नाही.

जगातल्या मोठ्या शहरांत अशा वस्त्या कशा उभ्या राहतात, कशा हलतात आणि कशा विरतात, यावर गेल्या चाळीसेक वर्षांत भरपूर लिहिलं गेलं. ते सगळं इंदूरला लावून पाहिलं तर थोडं लागू पडतं आणि बरंचसं पडत नाही. तिकडचे अभ्यासक विचारतात, वस्ती कुठून कुठे गेली? इंदुरात त्याआधी विचारायला हवं, खोली कोण देतं?

आधी बाहेरचं थोडक्यात. सॅन फ्रान्सिस्कोतला कॅस्ट्रो हा मूळचा आयरिश कामगारांचा भाग. ती कुटुंबं उपनगरांकडे निघून गेली, जुनी लाकडी घरं स्वस्तात मिळू लागली आणि सत्तरच्या दशकात तिथे समलिंगी पुरुष राहायला आले. समलिंगी नेते हार्वी मिल्क यांनी तिथेच कॅमेऱ्याचं दुकान थाटलं, १९७७मध्ये ते शहराच्या कारभारी मंडळावर निवडून आले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा खून झाला. मॅन्युएल कॅस्टेल्स या समाजशास्त्रज्ञाने १९८३मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवलं, की एकत्र राहिल्यामुळे या लोकांची मतं एकवटली आणि त्यातून राजकीय ताकद आली. टोकियोतल्या शिंजुकू नि-चोमेचं कारण वेगळं होतं. तिथे आधी वेश्यावस्ती होती. बंदीचा कायदा १९५८मध्ये अमलात आला, कोठे रिकामे पडले आणि त्या चिंचोळ्या जागांत हळूहळू छोटे बार सुरू झाले. शिकागोने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हॉलस्टेड रस्त्यावर इंद्रधनुषी खांब उभारून आपल्या 'बॉइजटाउन' या समलिंगी वस्तीला पालिकेची मान्यता दिली. २०२१मध्ये तिथल्या व्यापारी संघटनेने ते नाव वापरणं सोडून दिलं. लंडनमध्ये समलिंगींच्या बार आणि क्लबांची संख्या २००६मध्ये १२५ होती, ती २०१७पर्यंत ५३वर आली. अमीन घझियानी यांनी २०१४मध्ये याच उतरणीवर पुस्तक लिहिलं. भाडी वाढली हे एक कारण त्यांनी मांडलंच. दुसरं असं, की समाजात स्वीकार वाढला तशी माणसं शहरभर पांगली, कारण एकत्र राहण्याची निकड कमी झाली.

या सगळ्या विवेचनात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. वयात आलेला माणूस आईवडिलांचं घर सोडतो, स्वतःच्या कमाईवर भाड्याने राहतो आणि शेजार निवडतो. इंदुरात मुलगा वडिलांच्या घरात राहतो, लग्न ठरलं की वर एक मजला चढतो आणि मुलगी त्या घरातून निघते ती सासरी जायलाच. घर बदलणं म्हणजे कुटुंब बदलणं. त्यामुळे इथे समलिंगी माणसं पांगलेली दिसली तरी घझियानींचा निष्कर्ष लावून तो स्वीकाराचा पुरावा मानता येत नाही. एकत्र येण्याची सोयच कधी झालेली नाही.

डेऱ्याची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि ती मराठी वाचकाने मुद्दाम समजून घ्यावी. लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८७मध्ये लिहिलेल्या एका निबंधात दख्खनच्या जुन्या दप्तरांच्या आधारे दाखवलं आहे, की मराठी अमलात हिजड्यांना ठरावीक मुलखातून हक्काची रक्कम गोळा करण्याची मुभा होती आणि काहींकडे इनाम जमिनीही होत्या. हक्क गुरूकडून चेल्याकडे जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्याने हे वारसाहक्क पुढे चालू ठेवायला नकार दिला. नंतर १८७१च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यात त्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद आली. राज्याने दिलेला हक्क गेला, पण इलाक्याची पद्धत उरली. कोणत्या टोळीने कोणत्या मोहल्ल्यांत जन्मा-लग्नाच्या घरी जाऊन बधाई घ्यायची, हे आजही गुरूंच्या आपसातल्या व्यवस्थेने ठरतं. डेरा जागचा हलत नाही याचं एक कारण हे आहे. त्याचा पत्ता बदलला तर इलाक्यावरचा दावाही डळमळतो.

नंदलालपुरा हा इंदूरच्या आरंभकाळाशी जोडलेला भाग. दिल्ली दरबाराकडून सनद मिळवून हे गाव नावारूपाला आणणारे जमीनदार राव नंदलाल यांचं नाव त्याला आहे. १९१८मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी इंदूरच्या नगररचनेचा अहवाल तयार केला, तेव्हा जुन्या मोहल्ल्यांवर सरसकट हातोडा चालवायला त्यांचा विरोध होता. जेवढं बिघडलं असेल तेवढंच काढा, माणसांना त्यांच्या जागेवर राहू द्या, असं ते सांगत. त्या काळात त्यांनी 'एका दिवसाचा महाराजा' होऊन दिवाळीला मिरवणूक काढली आणि ज्या गल्ल्या लोकांनी सर्वांत चांगल्या झाडून काढल्या त्यांतूनच ती नेली, ही हकिकत त्यांच्या चरित्रांतून वाचायला मिळते. २०१७पासून देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून मिरवणाऱ्या इंदूरने गेडिस यांची झाडू तेवढी उचलली. माणसांना जागेवर राहू द्या हे त्यांचं दुसरं सांगणं राजवाड्याभोवतीचे रस्ते रुंद करताना किती पाळलं गेलं, हे ज्यांची दुकानं आणि घरं अर्धी कापली गेली त्यांना विचारावं.

डेरा जागेवर असला तरी त्याच्या पोटापाण्याचा नकाशा सरकतो आहे. पूर्वी मूल घरात जन्मायचं, बारसं मोहल्ल्यात व्हायचं, दार उघडं असायचं. आता शहर सुपर कॉरिडॉर, निपानिया, बिचोलीकडे वाढलं. तिथल्या टाउनशिपच्या फाटकावर गार्ड असतो, आत जायला आधी नोंद लागते. इलाका कागदावर वाढला, पण दारं कमी झाली. मग सिग्नल आणि रेल्वेचे डबे उरतात. ऑक्टोबर २०२५मध्ये दोन गटांच्या वादातून नंदलालपुऱ्यात वीसहून अधिक किन्नरांनी फिनाइल प्यायलं आणि त्यांना एमवाय रुग्णालयात न्यावं लागलं. बातम्यांनी तो प्रकार तमाशासारखा दाखवला. मला त्यात दिसलं ते एवढंच, की ज्यांना शहरात दुसरीकडे कुठे खोली मिळत नाही त्यांच्यासाठी डेऱ्यातली भांडणं जिवावरची होतात. गुरूशी पटलं नाही म्हणून चेल्याने दुसऱ्या कॉलनीत भाड्याने राहायला जावं, इतकी साधी वाट उपलब्ध नाही.

डेऱ्याच्या जागेवर असण्याचा एक फायदाही झाला आहे, तो नोंदवायला हवा. भोपाळमध्ये मंगळवारा आणि बुधवारा हे किन्नरांचे जुने मोहल्ले. २०१७मध्ये मंगळवाऱ्यात त्यांच्यासाठी वेगळं सार्वजनिक शौचालय बांधलं गेलं. कुणाला कुठे गाठायचं हे पालिकेला ठाऊक असलं की सोय पोचते. २०११च्या जनगणनेत मध्य प्रदेशात २९,५९७ जणांची 'इतर' या लिंगाखाली नोंद झाली आणि सागर शहराने २००९मध्ये कमला बुआंना महापौर म्हणून निवडून दिलं. कॅस्टेल्स यांचं म्हणणं इथे थोडंफार पटतं. पत्ता असलेल्यांना निदान मोजलं तरी जातं.

आता ज्यांना पत्ता नाही त्यांच्याकडे येऊ. त्यांचा इतिहास सापडतो तोही चोरट्या जागांत. इंदूरपासून पस्तीसेक किलोमीटरवरचं देवास हे पवारांचं संस्थान, थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्यांचं. १९२१मध्ये ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून तिथे राहिला. त्या मुक्कामावर त्याने १९५३मध्ये पुस्तक लिहिलं, पण राजवाड्यातल्या न्हाव्याशी आलेल्या संबंधांबद्दलचा मजकूर त्यातून वगळला. तो त्याच्या मृत्यूनंतर, १९८३मध्ये छापला गेला. महाराजांना हे ठाऊक होतं आणि त्यांनीच ती व्यवस्था लावून दिली, असं त्यात आहे. हा मजकूर वाचताना मला त्या न्हाव्याची काळजी वाटते. साहेबाला वाडा होता, संस्थानिकाचा आसरा होता, निघून जायला जहाज होतं. न्हाव्याला तेच गाव, तीच चाकरी आणि वाड्यातल्यांची थट्टा. समलिंगी माणसाला जागा मिळाली, पण ती वरच्याच्या मर्जीने. आपल्या भागात हा नमुना फार काळ टिकला.

बायकांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. १९८७मध्ये मध्य प्रदेश पोलिसांच्या सशस्त्र दलातल्या लीला आणि ऊर्मिला या दोन शिपाई स्त्रियांनी एकमेकींना माळ घातली. त्यांची नोकरी गेली. बरॅकमध्ये राहणाऱ्यांची नोकरी जाते तेव्हा डोक्यावरचं छप्परही त्याच दिवशी जातं.

पुरुषांसाठी निदान बागा होत्या, टॉकीजचे शेवटचे खेळ होते, स्टेशनचा फलाट होता. इंदूरमधल्या अशा बागांची नावं मी लिहिणार नाही, कारण त्यातल्या काही आजही वापरात आहेत आणि नाव छापलं की आधी पोलीस आणि मागोमाग खंडणी मागणारे पोचतात. एवढं सांगता येईल, की बागेला कुंपण आलं, तिकीट आलं, एलईडी दिवे आले, की तिथली वर्दळ पुढच्या बागेकडे सरकते. टॉकीज पाडून मॉल झाले तेव्हाही तेच झालं. शहर सुंदर करण्याचा प्रत्येक टप्पा या माणसांना थोडं पुढे ढकलत आला आहे. २००९मध्ये समलिंगी पुरुषांच्या भेटीगाठींसाठीचं ग्राइंडर हे ॲप आलं आणि पुढे स्वस्त फोनबरोबर इथवर पोचलं. ते पडद्यावर समोरच्याचं अंतर मीटरमध्ये दाखवतं. आता विजयनगरचा मुलगा खजराण्यातल्या मुलाला घरबसल्या शोधू शकतो. जागेची गरज संपली असं म्हणणाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारावा. शोधल्यावर भेटायचं कुठे? एकाच्या घरी आई आहे, दुसऱ्याच्या घरी बायको. ओयोच्या खोलीवर ओळखपत्र दाखवावं लागतं. फोनवरून बोलावून लुबाडणाऱ्या टोळ्यांना हीच अडचण पथ्यावर पडते.

रात्रीच्या जागाही अशाच हलत्या. सराफ्यात दुकानं बंद झाल्यावर खाऊगल्ली भरते, गर्दीत कुणी कुणाकडे पाहत नाही, म्हणून ती जागा अनेकांना प्रिय आहे. २०२२मध्ये बीआरटीएसच्या रस्त्यावर दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी मिळाली आणि घरी बोलता न येणाऱ्यांना बसायला जागा झाली. २०२४मध्ये ती परवानगी मागे घेतली गेली. कारणं कायदा-सुव्यवस्थेची दिली गेली. ती खरी असतीलही, पण रात्रीचं शहर मिटलं की सर्वांत आधी कोणाची जागा जाते, याचा विचार त्यात नव्हता.

मुंबई-पुण्याची स्थिती इंदूरहून बरी, कारण तिथे संस्थांनी जागा मिळवल्या. अशोक राव कवी यांनी १९९०मध्ये समलिंगींसाठी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केलं, १९९४मध्ये हमसफर ट्रस्ट स्थापन झाला आणि वाकोल्याला महापालिकेच्याच इमारतीत त्याचं काम उभं राहिलं. गेटवेच्या कठड्यापासून आणि कुलाब्याच्या बारपासून सुरू झालेला नकाशा त्यानंतर पश्चिम उपनगरांकडे सरकला, कारण कार्यालय, दवाखाना आणि समुपदेशक तिकडे होते. १९९५मध्ये मुंबईत 'स्त्री संगम' सुरू झाला, तो बायकांना एकमेकींपर्यंत पोचवायला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२मध्ये समपथिक ट्रस्ट काढला आणि मराठीत या विषयावर सातत्याने लिहिलं. मुंबईत २००८मध्ये ऑगस्ट क्रांती मैदानातून निघालेला मोर्चा आणि पुण्यात २०११मध्ये निघालेली पदयात्रा या संस्थांच्या आधारानेच निघाल्या. इंदूरच्या मराठी घरांतली किती मुलंमुली अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला किंवा रात्रीच्या बसने पुण्याला 'जॉबसाठी' गेली आणि परत आली नाहीत, याची गणती कुणी करत नाही. आमच्याकडे वस्ती शहराच्या आत सरकण्याऐवजी शहराबाहेरच निघून जाते. इंदुरात टीसीएस आणि इन्फोसिसचे कॅम्पस आले, तरी ही वाट बंद झालेली नाही, कारण ती फक्त नोकरीची नव्हतीच.

माळव्यात रस्ता मोकळा होतो तो मिरवणुकीने. रंगपंचमीची गेर असो की अनंत चतुर्दशीच्या झांक्या, ज्याची मिरवणूक राजवाड्यावरून जाते तो शहराचा झाला. २०१६च्या सिंहस्थात उज्जैनला किन्नर आखाड्याची पेशवाई, म्हणजे नगरप्रवेशाची मिरवणूक निघाली, ती या परंपरेतली सर्वांत मोठी घटना. आखाडा आदल्याच वर्षी स्थापन झाला होता, ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्याच्या प्रमुख होत्या आणि आखाडा परिषदेची त्याला मान्यता नव्हती. तरी लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आशीर्वाद घ्यायला उभे राहिले. मला ते दृश्य मोलाचं वाटतं आणि अपुरंही. त्याच रस्त्यावरच्या किती घरमालकांनी मिरवणूक गेल्यावर त्यांच्यापैकी एकीला खोली दिली असती?

खोली मिळण्याची पद्धत इंदुरात सगळ्यांना पाठ आहे. भंवरकुआँच्या बाजूला कोचिंगच्या मुलांसाठी घराघरावर टू-लेटची पाटी असते. दलालाचा पहिला प्रश्न, "भिया, फॅमिली है के बॅचलर?" दोन मुलगे रूम पार्टनर म्हणून आले तर अडचण नाही, करार होतो, पोलिसांकडे किरायेदाराची माहिती जाते. करार अकरा महिन्यांचा. पंचविशीपर्यंत हे चालतं. तिशी जवळ आली की तेच दोघे लोकांच्या नजरेत भरू लागतात आणि करार वाढवताना मालकाला अचानक गावाकडचा भाचा आठवतो.

माझ्या ओळखीच्या दोघी, एक नर्स आणि एक बँकेत, अशाच एका मराठी घराच्या वरच्या मजल्यावर राहत. आपण मावसबहिणी आहोत असं त्यांनी सांगितलं होतं. घरमालकीण जिवाला जीव लावणारी. संक्रांतीला हळदीकुंकवाला आग्रहाने बोलवायची, आजारपणात मऊ भात वर पाठवायची. त्याच मायेने एके दिवशी तिने विचारलं, "अगं, तुझी पत्रिका आहे का गं? आमच्या नणंदेच्या मुलासाठी विचारते." मग दुसरं स्थळ आलं, मग तिसरं. नाही म्हणायला कारणं पुरेनात. पुढचा करार त्यांनी केला नाही, सामान टेम्पोत घातलं आणि रिंग रोडच्या पलीकडे अनोळखी इमारतीत गेल्या. त्यांना कुणी हाकललं नव्हतं. तरीही त्यांना जावं लागलं, आणि नव्या जागी त्या कुणाकडे हळदीकुंकवाला जात नाहीत. कॅस्ट्रो किंवा लंडनमधली वस्ती सरकायला दशकं लागली. इंदुरातली माणसं अकरा-अकरा महिन्यांनी सरकतात, एकेकटी किंवा जोडीने, आणि त्याची नोंद कुठल्याच नकाशावर होत नाही.

कायद्याने काही बाबतींत वाट करून दिली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४च्या नालसा निकालात तृतीयपंथीयांना ओळखीचा हक्क दिला. ६ सप्टेंबर २०१८ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. २०१९च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ३मध्ये घर भाड्याने देताना किंवा विकताना भेदभाव करायला स्पष्ट मनाई आहे. राहत्या घरातून किंवा गावातून हाकलणं कलम १८नुसार गुन्हा आहे. समलिंगी जोडप्यांना मात्र घराबाबत असं कुठलंही संरक्षण नाही. १७ ऑक्टोबर २०२३च्या सुप्रियो निकालात विवाहाचा हक्क नाकारला गेला. त्यानंतर २०२४मध्ये केंद्राने एवढं स्पष्ट केलं, की संयुक्त बँक खाते उघडायला अडचण नाही आणि रेशनकार्डासाठी जोडीदारांना एका कुटुंबातले मानावं. एका कुटुंबाचं रेशनकार्ड मिळालं तरी त्यावर लिहायला कायमचा पत्ता लागतो, आणि तो देणं अजून घरमालकाच्या हातात आहे.

मराठी माणसांची वस्तीही इंदुरात अशीच सरकली. रामबाग, नारायण बाग या जुन्या भागांतली कुटुंबं राजेंद्र नगर, सुदामा नगरकडे गेली. पण जाताना मंडळं, गणपती, वाचनालय, नाटकाचे प्रयोग बरोबर घेऊन गेली, म्हणून वस्ती बदलूनही समाज टिकला. आज त्याच कॉलन्यांत मुलं पुण्या-बंगळुराला किंवा परदेशात आणि वरचे मजले कुलूपबंद, अशी घरं गल्लोगल्ली आहेत. त्या मालकांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी दोघी किंवा दोघे खोली बघायला आले, किंवा एखादी किन्नर मुलगी एकटीच आली, तर भाडं, अनामत आणि पाण्याची वेळ एवढंच बोला. नातं विचारू नका, पत्रिका मागू नका. आणि अकरा महिने झाले की करार पुन्हा करा.